भुवईतली खाच

पार्बताबाईच्या गळ्यात दोन दागिने होते. एक तिचं डोरलं आणि दुसरा सवतीचा टाक. दोन्ही तिच्या नवऱ्याने, पंजाबरावांनी, एकाच मांडवात बांधलेले. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. वऱ्हाडात बिजवराला दिलेल्या मुलीला तो गळ्यात वागवावाच लागे, म्हणजे वारलेली पहिली रुसत नाही आणि दुसरीच्या संसारावर तिची छाया पडत नाही. नवं लुगडं आलं की आधी त्याचं टोक टाकाला लावायचं, मग नेसायचं. जेवायला बसलं की पहिला घास टाकाच्या तोंडाशी धरायचा, मग आपल्या. बारा वर्षांत पार्बताबाईकडून यात एका दिवसाचा खाडा झाला नव्हता.

गंमत अशी, की अकोल्याच्या त्या सोनाराकडे टाकाचा ठसा एकच होता. जुन्या शहरातल्या जेवढ्या म्हणून पहिल्या बायका देवाघरी गेल्या, त्या सगळ्या टाकावर एकाच तोंडाच्या. वाटोळा चेहरा, दोन ठिपक्यांचे डोळे, एक नथ. पार्बताबाई रोज जिला घास भरवत होती, ती गोदाबाई दिसायला कशी होती हे तिला ठाऊक नव्हतं. तिने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

पार्बताबाई नांदगाव खंडेश्वरची. चौदाव्या वर्षी अकोल्यात आली, मोर्णा नदीच्या काठी पंजाबरावांच्या घरात, आणि आल्या दिवशीच तिला कळलं की या घरात एक बाई आधीपासून आहे. पंजाबराव माणूस वाईट नव्हते. व्यसन नाही, हात उगारणं नाही, आपल्या काळ्या रानात बैलासारखे राबत. पण खोड एक होती. भाकरीचा तुकडा मोडला की म्हणत, "गोदीच्या हातची भाकर पापुद्र्याची राहे." ठेचा चाखला की म्हणत, "गोदी याच्यात जवस टाके." मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगाच नाही. गोदाबाई या घरात नांदली ती अवघी दोन वर्षं, अठराव्या वर्षी बाळंतपणात गेली. पण तेवढ्यात तिने सडा, सारवण, भाकरी, गाईची धार यांत अशी काही कमाल करून ठेवली होती, की दुसरीने बारा वर्षं हाडं झिजवली तरी तिची बरोबरी होईना.

पार्बताबाईला याचा राग येई का? सुरुवातीला आला. पुढे राग निवला आणि त्याच्या जागी एक हुरहूर येऊन बसली, ती मात्र हलली नाही. तिला फार काही नको होतं. दोन लेकरं होती, घरात दाणा होता. फक्त या माणसाने एकदा आपल्याकडे आपण म्हणून पाहावं, गोदाबाईच्या जागी आलेली म्हणून नव्हे, एवढंच तिला वाटे. हे कुणाला सांगायचं? विहिरीवर सांगितलं असतं तर बायांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या जुन्या शहरात झालं असतं.

सन अठराशे चौसष्टचा हिवाळा होता. समुद्रापार कुठेतरी मोठी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि इकडे वऱ्हाडातल्या कुणब्याचं नशीब फळफळलं होतं. आगगाडी अजून अकोल्याला यायची होती. बैलगाड्यांच्या रांगाच्या रांगा अमरावतीच्या बाजाराकडे लागत. हातात पैसा खुळखुळला की माणसाला काय काय सुचतं! कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकल्या, कुणी बैलांच्या शिंगांना सोन्याच्या शेंब्या केल्या. पंजाबरावांना यातलं काही सुचलं नाही. ते अमरावतीहून आले, ओसरीवर टेकले आणि पाणीही न पिता म्हणाले, "मले गोदीचं चित्र पायजे."

झालं होतं असं, की कापसाचा नमुना दाखवायला ते एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गेले होते आणि तिथे भिंतीवर साहेबाच्या मडमेची तसबीर होती.

"जवळून पाह्यलं त नुसते रंगाचे फराटे," पंजाबराव सांगत होते. "अन् दहा पावलं मांगं सरलो त बाई आता बोलंन असं वाटे. खिडकीपाशी बसली हाये, उजेड पडून राहिला तोंडावर, अन् कोनाची त वाट पाहून राहिली."

पार्बताबाई तांब्या घेऊन उभी होती. "मंग?"

"मंग काय? साहेबाची बायको त जित्ती हाये, तरी तो तिले भित्तीवर ठेवते. माही त गेली."

तिने तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेली.

देवीदास चितारी नागपूरच्या चितारओळीतला. पन्नाशीचा, किडकिडीत, नखांत कायमचा गेरू. अमरावतीतल्या शेठ लोकांच्या दारांवर गणपती आणि हत्ती काढून काढून तो विटला होता. त्याच बंगल्यात वेलबुट्टी काढायला गेला असताना त्यानेही ती तसबीर पाहिली होती आणि तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चितारी आधी काजळीने रेघ ओढतो, मग रेघेच्या आत रंग भरतो. बापजाद्यांपासून हेच. त्या तसबिरीत रेघच नव्हती. "रेघ नाई अन् बाई हाये," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता. पंजाबरावांचा निरोप पोचला तसा त्याने रंगाच्या पुड्या बांधल्या आणि मिळेल त्या गाडीने अकोला गाठलं.

अडचण एकच होती. त्याने गोदाबाईला कधी पाहिलं नव्हतं. "समोर कोनी बसल्याबिगर उजेड कसा पडते थे मले कसं समजंन?" त्याने विचारलं.

पंजाबरावांनी स्वयंपाकघराकडे हात केला. "हे बसंन. अंगलट सारखीच हाये."

आता बघा, सवतीचं चित्र आणि बसायचं आपण! पण तिला कुणी विचारलंच नाही, म्हणून ती नाही म्हणाली नाही. पेटी उघडली गेली. लिंबाचा पाला घालून ठेवलेलं गोदाबाईचं हिरवं लुगडं निघालं, नथ निघाली, चांदीचे गोट निघाले. लुगडं नेसून झालं. गोट मात्र पंजाच्या वर चढेनात. तिने पाणी लावून पाहिलं, तेल लावून पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं, की हे गोट एका पोरीच्या हातातले आहेत. आपण जिला बारा वर्षं थोरली थोरली म्हणत आलो, ती आपल्याहून आठ वर्षांनी लहान राहिली आहे. तिने गोट पुसून परत पेटीत ठेवले.

ती ओसरीच्या दाराच्या चौकटीत बसे आणि देवीदास शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर काम करी. अंगणात वेचून आणलेल्या कापसाची गंजी लागली होती, वळचणीला टेकेल एवढी उंच. सकाळचं ऊन गंजीवर पडे आणि तिथून उलटून तिच्या तोंडावर येई. देवीदासाला तोच उजेड हवा असे आणि तो दोन घटकाही टिकत नसे. तेवढ्यात त्याची कोण धांदल! पुढे येऊन कुंचल्याने दोन ठिपके मारी, मागे गंजीपर्यंत पळे, डोळे बारीक करी, पुन्हा पुढे. रेघ म्हणून नाही. पिवळ्या पिवडीचा ठिपका, तांबड्या गेरूचा ठिपका, मधून मधून चुन्याची भिंत तशीच सोडलेली. शेजारच्या बाया पाहायला येत, भिंतीला नाक लावत आणि म्हणत, "देवी आल्या काय वो बाईले?" ज्या दिवशी त्याने गालाखाली नीळ लावली त्या दिवशी तर हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली.

देवीदास चिडला नाही. तो पार्बताबाईला म्हणाला, "बाई, थ्या गंजीची सावली कोन्या रंगाची हाये?"

"काळी," ती न पाहताच म्हणाली.

"पाहा, मंग सांगा."

तिने पाहिलं. गंजीच्या पोटात, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथे सावली निळी होती. धुतल्या धोतराला नीळ दिल्यावर येते तशी, पातळ. ती जन्मापासून कापसात वाढली होती, वेचताना बोटं सोलवटली होती, सरकी काढली होती, वाती वळल्या होत्या. आणि हे तिला कधी दिसलं नव्हतं. "निळी हाये वो!" ती म्हणाली आणि तिला स्वतःचंच हसू आलं. आपल्याकडेही कुणी असं नीट पाहिलं असतं, तर काय काय निघालं असतं कुणास ठाऊक, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मध्येच एक दलाल गाड्या घेऊन दारात आला, तर पंजाबरावांनी त्याला वाटेला लावलं. "गंजी हालनार नाई. उजेड जाईन." दलालाने पंजाबराव पिसाळले म्हणून बाजारभर केलं. ते खरंही होतं म्हणा.

सहाव्या दिवशी नाकडोळ्यांखेरीज सगळं झालं. देवीदास म्हणाला, "मालक, आता तोंड सांगा. डोळे सोडून." चितारी डोळे शेवटी काढतो, गणपती असो की माणूस. डोळे उघडले की चित्र पुरं झालं, पुढे त्याला हात लावायचा नसतो.

पंजाबराव ओट्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. पार्बताबाई चौकटीत बसून ऐकत होती.

"कपाळ लहान," ते सांगू लागले. "नाक बसकं नाई, पन लांबबी नाई. डाव्या भवईत खाच हाये, तेवढ्या जागी केस नाईत. अन् काई इचार करून राहिली का पदराचं टोक दातात धरते."

देवीदासाचा कुंचला थांबला. त्याने मालकाकडे पाहिलं, त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मग त्याने पार्बताबाईकडे पाहिलं. तिच्या डाव्या भुवईत खाच होती. आणि पदराचं टोक तिच्या दातात होतं. तिने ते पटकन सोडलं.

"अजून सांगा, मालक," तो हळूच म्हणाला.

"बस. डोळे तुमी काढले का मी वळखीन."

त्या दिवशी पार्बताबाईच्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं. या माणसाने डोळे मिटले तर आत कोण दिसतं? मी! तिला गावभर धावत सुटावंसं वाटत होतं. पण लगेच मनात शंका येई. कुणी सांगावं, गोदाबाईच्याही भुवईत खाच असेल. तीही पदर चावत असेल. पोरीबाळींना असल्या सवयी असतातच. सुख तोंडाशी आलं होतं आणि गिळता येत नव्हतं.

याचं उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस होतं. गोदाबाईची आई गंगूबाई, अकोटची. रीतीप्रमाणे पार्बताबाई तिचीही लेकच; सणासुदीला नांदगाव दूर पडलं तर अकोट हेच तिचं माहेर. गंगूबाई तिच्यासाठी चोळीचा खण राखून ठेवी आणि निघताना वेणी घालून देई. डोळे उघडायच्या दिवसासाठी पंजाबरावांनी तिला आणायला गाडी पाठवली होती.

गाडी अंगणात शिरली ती दिवस कलताना. गंगूबाई पाय न धुता थेट भिंतीपाशी गेली. जवळून पाहिलं, मागे सरून पाहिलं, पुन्हा जवळ गेली. डोळ्यांच्या जागी अजून चुना होता. पंजाबराव हौसेने म्हणाले, "कशी हाये?"

"लुगडं तिचंच हाये," गंगूबाई म्हणाली, आणि परसदारी गेली.

मोरीवर पार्बताबाई तिच्या पायांवर पाणी घालू लागली. शेवटी तिला राहवेना. "माय, एक इचारू? थोरलीच्या भवईत खाच होती?"

गंगूबाईने वर पाहिलं. "नाई. थे तुही हाये. चित्रातली तूच हायेस, पोरी. म्या पाह्यल्याबरोबर वळखली."

बारा वर्षांचं मागणं असं पायांवर पाणी घालता घालता पुरं झालं. पार्बताबाईला इतका आनंद झाला की तिला त्याची लाज वाटली. या बाईच्या लेकीच्या जागी आपण बसलो आणि वर खूश होतो! काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "मंग थोरली कशी होती, माय?"

गंगूबाई सरसावून बसली. "तिच्या टाचा लाल होत्या. चालतानी उजवा पाय जरा आत पडे. केस असे दाट, का फनी मोडे. अन् तोंड..." ती थांबली. हात तोंडापर्यंत नेला, खाली आणला. "तोंड येतच नाई वो. चार-पाच वर्सं झाले. डोळे मिटले का तूच येतेस. म्हनून त एवढ्या लांब आली. म्हटलं, चितारी तरी दाखवंन."

पार्बताबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. नवरा विसरला होता. आई विसरली होती. सोनाराकडे तर ठसाच. मरून चौदा वर्षं झाली तरी या घरातून हलत नाही म्हणून जिच्यावर आपण मनातल्या मनात जळत राहिलो, ती पोर कधीच निघून गेली होती आणि कुणाला पत्ताही नव्हता. आणि सकाळी भिंतीवर आपले डोळे उघडले, की तिची उरलीसुरली जागाही आपण घेणार होतो. ती गंगूबाईचे पाय पदराने पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

सकाळी देवीदास नीळ खलत होता तेव्हा ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "चितारीबुवा, डोळे कोनाचे काढता?"

"बाकी ज्याइचं हाये त्याइचेच. मी काय आंधळा हाओ, बाई?"

हो म्हणायला किती सोपं होतं! तिने पदराचं टोक दातात धरलं, सोडलं. "माह्ये नका काढू. मायले बसवा. मायचे काढा."

"लेकीचे डोळे मायवरच जातात असं नाई, बाई."

"नसंन जात. पन काई त तिच्या रगताचं राहू द्या."

गंगूबाई आढेवेढे घेत होती. म्हातारीला कशाला बसवता, लोक हसतील. देवीदासाने तिला चौकटीत बसवलं, ऊन गंजीवरून उलटून येईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "माय, थ्या फाटकाकडे पाहा. तुमी अकोटच्या घरी बसल्या हा. अकोल्याकडून गाडी येऊन राहिली. लेक सनाले येऊन राहिली."

गंगूबाईने फाटकाकडे पाहिलं. आणि पाहतच राहिली. देवीदास यावेळी मागे पळाला नाही. काजळीचे दोन ठिपके, खाली नीळ, आत चुन्याचा एकेक कण. बाकी काही केलं नाही. कुंचला पाण्यात टाकून तो म्हणाला, "झालं." गंगूबाई तरीही थोडा वेळ तशीच पाहत होती.

पंजाबराव आंघोळ करून आले आणि गंजीपाशी जाऊन उभे राहिले. कितीतरी वेळ पाहिलं. मग मान हलवली. "सगळं बरोबर हाये. डोळे चुकले."

"कसे चुकले, मालक?"

"कसे म्हंजे? गोदीचे डोळे असे..." शब्द सापडेना तेव्हा दाखवायला त्यांनी हात उचलला, आणि तो आपसूक चौकटीकडे गेला. तिथे पार्बताबाई उभी होती, आपल्या रोजच्या लुगड्यात. हात हवेतच राहिला. त्यांनी तिची भुवई पाहिली. भिंतीकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग ते गंजीच्या कडेला मटकन बसले आणि कापसात कमरेपर्यंत रुतले. हसण्यासारखंच दृश्य होतं, पण कुणी हसलं नाही.

"म्या तिले इसरलो," ते म्हणाले.

"मीबी इसरली, जवाईबुवा," गंगूबाई म्हणाली. "राहू द्या आता हे असंच."

 कापसातूनच पंजाबरावांनी बायकोकडे पाहून विचारलं, "भवईले कवा लागलं तुले?"

बारा वर्षांत त्यांनी तिच्याबद्दल विचारलेली ही पहिली गोष्ट. "नांदगावले," ती म्हणाली. "वावराच्या धुऱ्यावर पडली होती, दगडावर. सात वर्साची होती."

"लय रगत आलं असंन."

"आलं होतं."

एवढंच बोलणं झालं. तिला वाटलं होतं त्याहून ते फार थोडं होतं, आणि तिला ते पुरलं.

दुपारी तिने पानं मांडली. गंगूबाईला आपल्याजवळ बसवलं. भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि रोजच्यासारखा हात गळ्याकडे नेला. मध्येच थांबली. मग तिने टाक गळ्यातून काढला, बारा वर्षांत पहिल्यांदाच, आणि गंगूबाईच्या तळहातावर ठेवला.

"माय, आज तुमी भरवा."

गंगूबाईने टाक जवळ धरला, लांब धरला. ठशातली तीच वाटोळी बाई, तेच दोन ठिपक्यांचे डोळे. मग तिने भाकरीचा तुकडा दुधात बुडवला, तान्ह्यासाठी कुस्करतात तसा बोटांनी मऊ केला आणि चांदीला लावला.

"जेव, माय," ती टाकाला म्हणाली. "लांबून आलीस."